नावाआधीचं एक अक्षर

दादा, मागच्या आठवड्यात मी इथं नांदेडला एका भांड्यांच्या दुकानात भांडले. चांगला अर्धा तास भांडले, उभ्या गिऱ्हाइकांसमोर, आवाज चढवून. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हळू बोल बाई, लोक ऐकून राहिलेत." ऐकू देत. लोकांनी ऐकावं म्हणूनच ओरडत होते. भांडण कशावरून, तर एका अक्षरावरून. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, एका अक्षरापायी एवढा तमाशा? ऑफिसात कुणाला सांगितलंच नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण तुमचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांची नावं भांड्यांवर टाकण्यात गेलं. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. बाकी कुणाला यातलं दुखणं कळायचं नाही.

माय आता माझ्याकडंच असते. गुडघे पार गेलेत, पण रविवारची विहारातली वंदना चुकवत नाही. यंदा तिच्या मनानं घेतलं की वैशाख पौर्णिमेच्या खिरीसाठी विहाराला एक मोठं पातेलं द्यायचं, तुमच्या स्मरणार्थ, तुमचं नाव टाकून. मी म्हटलं, पंखा देऊ, लोकांच्या नजरेला तरी पडेल. तर म्हणाली, "पंखा काय करायचा? तुज्या बापानं सगळ्या लातूरच्या भांड्यावर नावं टाकली, अन् त्येचं नाव एका वाटीवर न्हाई." खरंच होतं ते. आपल्या घरातली भांडी आठवतात ना? नाव टाकताना काही चुकलं, गिऱ्हाइकानं भांडं नाकारलं, की ते दुकानाचे मालक अप्पा तुम्हाला देऊन टाकायचे. माझ्या ताटावर कुणा परक्या माणसाचं नाव होतं, वेलांटी चुकलेली. पाण्याच्या कळशीवर एका लग्नाची तारीख होती आणि ते लग्नच मोडलं होतं. मैत्रिणी जेवायला आल्या की विचारायच्या, हे कोण गं? मी ठोकून द्यायचे, आमचे मामा. असे माझे सात-आठ मामा होते. तुमच्या नावाचं मात्र काहीच नव्हतं, आणि हे मायनं एवढी वर्षं मनात धरलेलं मला माहीत नव्हतं.

तर आम्ही दोघी गेलो. चार मजली दुकान, काचेचं दार, आत गारेगार हवा आणि दारात वॉचमन. त्यानं 'या' म्हटलं नाही, 'पिशवी इथं काढा' म्हटलं. पुढं एक मुलगी कॉम्प्युटरपाशी. "मोबाईल नंबर सांगा." अजून आम्ही एक चमचा बघितला नाही अन् यांना नंबर पाहिजे! मी म्हटलं, आधी पातेलं तर दाखवा. तर म्हणे, "एंट्री झाल्याबिगर दाखवता येत न्हाई म्याडम." दिला नंबर. मग एक विक्रेता आला, त्याचा पहिला प्रश्न, "कितीपर्यंतचं दाखवू?" आणि मी वरच्या फळीवरच्या जाड बुडाच्या पातेल्याकडं बोट केलं तर आमच्या दोघींच्या साड्यांकडं बघून म्हणतो, "ते महाग पडंल तुम्हाला." अंगाची लाही लाही झाली दादा. मी म्हटलं, "तेच काढा." मायला बसायला खुर्ची मागितली. अख्ख्या दुकानात खुर्ची एकच, तिच्यावर मालक, त्याच्या हातात मोबाईल. शेवटी बिचारी एका खोक्यावर टेकली, तर वॉचमन धावत आला, "आज्जी उठा, आत काच हाय, फुटंल." ऐंशी वर्षांची बाई उठली आणि खांबाला धरून उभी राहिली. मालकानं मान वर करून पाहिलं आणि परत मोबाईलमध्ये घातली. तेव्हाच निघायला पाहिजे होतं. पण माय म्हणाली, पातेलं चांगलं हाय, घे.

नाव टाकायचं काउंटर तळघरात. लिफ्ट होती, पण ती मालाची, माणसाची नाही. मायला पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. तिला तिथंच खांबापाशी सोडून मी एकटी पातेलं घेऊन उतरले. खाली लग्नसराईची ही गर्दी. टोकन घ्या, उभं राहा. मशीनवर पंचेचाळिशीतला एक माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, मान खाली. शेजारी भिंतीवर पाटी, 'नाव टाकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही'. कोणत्याही परिस्थितीत! म्हणजे चूक तुमची असली तरी. माझा नंबर आला, मी तुमचं नाव लिहिलेला कागद दिला, करकर करकर झालं, आणि पाच मिनिटांत पातेलं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या हातात. पुढचं टोकन.

आणि तुमचं कसं होतं? गंजगोलाईच्या त्या गल्लीत अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर तुम्ही पोत्याची घडी करून बसलेले. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात छोटी छन्नी, हातोडी, आणि मांडीशी माझी जुनी पाटी. शाळा सुटली की मी तिथंच येऊन अभ्यासाला बसायची. गिऱ्हाईक आलं की अप्पा गादीवरून पहिला शब्द बोलायचे, "बसा." भाव नंतर, भांडं नंतर, आधी बसा, मग पाण्याचा तांब्या. घ्यायचं नसलं तरी बसा. बाजाराच्या दिवशी निलंग्याकडच्या बाया यायच्या, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायच्या, दहा भांडी वाजवून बघायच्या आणि काहीच न घेता जायच्या, तरी अप्पा म्हणायचे, पुढच्या बाजारी या. आणि त्या यायच्या, सोबत दोघी-तिघींना घेऊन. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, इथं तर अप्पांचं भांडंही चोख असायचं.

मग भांडं तुमच्याकडं यायचं. तुम्ही कधी कुणाचं नाव अंदाजानं टाकलं नाही. पाटी पुढं सरकवायचे, लिहून द्या म्हणायचे. ज्याला लिहिता येत नसेल त्याच्याकडून तीनदा वदवून घ्यायचे, पाटीवर लिहायचे आणि वाचून दाखवायचे. गेलेल्या माणसाचं नाव असलं की तुमचं एक ठरलेलं होतं, आणि ते मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिलं नाही. तुम्ही अंग पुढं झुकवायचे आणि शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायचे, "नावाआधी तुमच्यात काय लावतेत?" कुणी सांगायचं कै., कैलासवासी. अप्पांच्या लिंगायत समाजातले सांगायचे लिं., लिंगैक्य. कुणी सांगायचं मरहूम. आणि आपल्यातलं कुणी असलं तर तेही तितक्याच हळू सांगायचं, कालकथित. ते पूर्ण लिहायचं, पाच अक्षरं, तुमच्या हाताला जास्तीचं काम. मी एकदा विचारलं, एवढं हळू काय बोलता, चोरीचं आहे का काही? तुम्ही हसून म्हणाला, "आगं, त्या एका शब्दात माणसाचं सगळं घराणं कळतं. बाजारात उभा असलेल्या माणसाला ते वरडून सांगायला कामून लावायचं?" मी आठवीत असेन. मला वाटलं, दादा उगीच घाबरतात.

तुमच्या हातचा एकच रट्टा मी खाल्ला, तोही त्याच ओट्यावर. एक म्हातारी नवऱ्याच्या नावानं घागर करायला आली होती. तिला नाव घेता येईना. नवऱ्याचं नाव जन्मात घेतलेलं नाही, आता मेल्यावर कसं घेणार! ती आपली लाजत सांगायची, देवळातल्या मारुतीच्या बापाचं जे नाव तेच. मला खुदकन हसू आलं आणि मी म्हटलं, "आज्जी, नाव सांगा की लवकर, लोक खोळंबलेत." तुम्ही पाठीत एक दिला. मग म्हातारीला म्हणालात, "पवनच का माय?" ती खुश झाली, पाटीवरचं अक्षर बघून मान डोलावली. ती गेल्यावर तुम्ही मला जवळ घेऊन सांगितलं, "गिऱ्हाइकाला जे तोंडानं बोलता येत न्हाई, ते आपण वळखायचं. ह्येलाच धंदा म्हणतेत. बाकी भांडी तर समदेच इकतेत." पाठ दुखत होती म्हणून मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तर घरी आलो. मायनं प्लॅस्टिक काढलं, पदरानं पातेलं पुसलं आणि नावावरून बोट फिरवलं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं, पण तुमचं नाव तिला चांगलं ओळखू येतं. बोट नावापर्यंत गेलंच नाही, आधीच थांबलं. "हे काय लिवलंय? कै?" मी म्हटलं, हं. "कै कोणाचं? आपल्यात कुठनं आला कैलास? तुज्या आज्ज्यानं दीक्षा घेतली तवाच सुटला कैलास. तुज्या बापानं जल्मभर दुसऱ्याला इचारून इचारून लिवलं, अन् त्येच्याच नावाला ह्ये?" मी म्हटलं, दुकानवाल्यांनी विचारलंच नाही, आपल्या मनानं लावलं. "मग तितंच का न्हाई बघितलंस?" मी म्हटलं, गर्दी होती. तिनं पातेल्यावर फडकं टाकलं आणि खाटेखाली सरकवून दिलं. "असलं भांडं म्या विहारात न्हेणार न्हाई." रात्री जेवली नाही. एरवी कटकट करून का होईना जेवते. मला तिचं ते न जेवणं सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून पातेलं घेऊन दुकानात गेले. मालकाला म्हटलं, हे नाव दुरुस्त करून द्या नाहीतर भांडं बदलून द्या. तो मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "नाव टाकलेला माल परत होत नसतो. बोर्ड हाय खाली." मी म्हटलं, बोर्ड तुमच्या चुकीसाठी नाही. तेव्हा त्यानं पातेलं बघितलं. "ह्यात चूक काय हाय? कै. म्हणजे काय शिवी हाय का म्याडम? मोठ्या मोठ्या लोकांच्या नावाला असतंय." मी सांगितलं, आमच्यात कालकथित म्हणतात. आणि हा बाबा हसला, दादा. हसून म्हणाला, "गेलेला माणूस गेलाच की ओ. कै. काय अन् ते काय, फरक काय पडून राहिला?" मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या दुकानाच्या नावातलं एक अक्षर मी बदलते, बघू फरक पडतो का न्हाई ते! पाणी नाही, खुर्ची नाही, म्हाताऱ्या माणसाला हुसकून उभं करता, वर शहाणपण शिकवता? फुकट मागायला आलो होतो का आम्ही?" लोक जमले. एक बाई म्हणाली, बरोबर हाय त्यांचं. तसा मालक जरा हलला आणि खालून मशीनवाल्याला बोलावलं. "काय रे, इचारलं होतंस का म्याडमला?" तो चष्मा सारखा करत माझ्याकडं बघायला लागला. मीच म्हटलं, "नाही विचारलं यांनी. विचारायची पद्धतच नाही इथं." मालक त्याच्यावर सगळ्यांदेखत जे तुटून पडला ते मला लिहवत नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. आणि एवढं करूनही पातेलं बदललं नाहीच. चूक नोकराची, नियम दुकानाचा, आणि भोगायचं गिऱ्हाइकानं!

घरी पोचते तर मोबाईलवर निरोप, 'आमची सेवा कशी वाटली? कृपया पाच तारे द्या', शेवटी जोडलेले हात. नंबर त्यासाठी घेतला होता तर! मी एक तारा दिला, तोही शून्याची सोय नव्हती म्हणून. संध्याकाळी विहारात महिला मंडळाची बैठक होती. पौर्णिमेसाठी दोनशे ताटं-वाट्या, पेले, पिंपं, सगळं त्याच दुकानातून घ्यायचं ठरलेलं. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दादा, बाया अशा पेटल्या! "विचारलंसुद्धा न्हाई?" "आपल्या माणसाला कै. लावून दिलं, अन् वर हसला?" एका आवाजात ठरलं की त्या दुकानाची पायरी चढायची नाही. ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांनी आपापल्या याद्या दुसरीकडं दिल्या. तुम्ही म्हणायचात ना, "भांडून गेलेलं गिऱ्हाईक परत येतंय, गुपचूप गेलेलं येत न्हाई." इथं तर आम्ही भांडूनही गेलो आणि गुपचूपही. त्या मालकाला अजून पत्ता नसेल की त्याच्या दारावरून रोज किती बाया पुढं निघून जातात. बरं झालं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही, आणि तुम्ही काही म्हणायच्या आधीच सांगते, माझ्या ऑफिसात माझ्या टेबलापुढंही लोक ताटकळतात, पण म्हाताऱ्या माणसाला मी खुर्ची देते.

पातेलं मात्र खाटेखालीच होतं. पौर्णिमा आठ दिवसांवर आली आणि रविवारी एक फोन आला. "म्याडम, मी नावाच्या मशीनवरचा. पावतीवर नंबर होता तुमचा. उद्या दुकान बंद असतंय, मालक गावाला चाललेत. भांडं घिऊन या, करून देतो." मी गेले. मागच्या दारानं तळघरात. त्यानं स्टूल पुसून मला दिलं, बसा म्हणाला. मग मशीन बाजूला ठेवून हातात छन्नी घेतली. तुम्ही कधी चुकलेलं अक्षर वेलबुट्टीत लपवायचे तसंच त्यानं कै. ची दोन पानं केली, मधून टिंबाची कळी काढली. मग हळू आवाजात विचारलं, "कालकथित ना?" मी म्हटलं, हाव. त्यानं तुमच्या नावाच्या वर सरळ ओळीत पाच अक्षरं कोरली, अर्धा तास लागला. पैसे घेतले नाहीत. निघताना एवढंच म्हणाला, "त्या दिवशी लाईन लई होती म्याडम. जोरात बोललो मी. तसं बोलायला नको होतं." मी पातेलं उचललं आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

मायनं पातेलं बघितलं, पानांवरून बोट फिरवलं, मग पाच अक्षरांवरून, मग तुमच्या नावावरून. म्हणाली, "आता झालं." आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. परवा पौर्णिमा आहे. खीर याच पातेल्यात होणार.

आता जे राहिलं ते लिहिते. त्यानं विचारलं होतं, दादा. त्या पहिल्या दिवशी, मशीनवरून मान न काढता, त्या गर्दीत, खणखणीत आवाजात. "पुढं काय लावू? कै. लावू ना?" माझ्या मागं टोकन घेऊन आमच्या ऑफिसातली एक बाई उभी होती, रोज डबा सोबत खाणारी. शब्द माझ्या जिभेवर होता. विहारात माईक हातात घेऊन मी तोच शब्द शंभरदा बोलले असेन. बावन्न वर्षांची, स्वतःच्या पगारावर जगणारी बाई मी, आणि मी मान हलवली. हो म्हणून. पातेलं हातात आलं तेव्हा कै. वाचलंही, आणि प्लॅस्टिक गुंडाळू दिलं. मालकासमोर तो माझ्याकडं बघत होता, मी खोटं बोलले, आणि शिव्या त्यानं खाल्ल्या. मायला हे सांगितलेलं नाही. मंडळातही नाही, तिथं अजून माझं कौतुक चालू आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.